मनिऑर्डरवरची तारीख

१८ एप्रिल १९४४. गुहागरच्या वरच्या पाटाकडून तुम्ही व्याडेश्वराच्या दिशेने चालला आहात. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळी, कुठेतरी रहाट कुरकुरतोय. तरणा पुरुष जवळजवळ दिसत नाही. कोकणातला पुरुष एरवीही मुंबईलाच असतो म्हणा. पण आता कुणी गिरणीत, कुणी गोदीत, तर कुणी थेट पलटणीत. महारवाड्यातलेही गेलेत. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने मोडलेली महारांची पलटण १९४१ मध्ये बेळगावला पुन्हा उभी राहिली आहे. गावची विहीर ज्यांना बंद, त्यांच्या हाती सरकारची बंदूक.

दुकानात शिरून तुम्ही रंगूनी तांदूळ मागता. वाणी हसतो. जपान्यांनी ८ मार्च १९४२ ला रंगून घेतलं आणि तो तांदूळ आटला. जिल्ह्याचं भात जिल्ह्याला कधीच पुरत नव्हतं. आता दोन्ही वेळा नाचणी. घासलेटही दुर्मीळ, म्हणून ओटीवर उंडीच्या कडू तेलाचा दिवा. सुट्टे म्हणून वाण्याने दिलेल्या पैशाला मधोमध भोक आहे. तांबंसुद्धा लढाईला लागलंय.

पोस्टात बायकांची गर्दी, आणि कुजबुज: मुंबईची गोदी उडाली म्हणे. तुम्हाला सगळं ठाऊक आहे. शुक्रवार, १४ तारीख, दुपारचे चार वाजून गेलेले. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ बोट, तिच्या पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं आणि त्याच बोटीत कापूस. (हे दोन्ही एकत्र भरणाऱ्याला काय म्हणावं!) शेकडो माणसं गेली. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी सविस्तर हकीकत सांगितली; इथल्या वार्ताहरांना मात्र सेन्सॉर मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सोडणार नाही. तोवर गुहागरात बातमी म्हणजे मनिऑर्डर. आली तर माणूस आहे.

“मास्तर, माज्या पोराचं काय आलं काय वो?”

आलंय. दहा रुपये. पोरगा गोदीत हमाल. “खुशाल हाय म्हंजे,” बाजूची बाई म्हणते, आणि सगळ्याजणी मोकळ्या होतात.

तुम्ही वाकून शिक्का बघता. १२ एप्रिल.

मास्तरांनीही तो पाहिलाय. तुमच्याकडे न बघता ते शाई पुढे सरकवतात. म्हातारी अंगठा उठवते, पण हातात एकेक रुपयाच्या नोटा पडल्याबरोबर अडून बसते.

“ह्ये कागद नकोत. राणीछाप द्या.”

“आजी, चांदी आता सरकारलाच पुरत नाही,” मास्तर म्हणतात, आणि पुढचं नाव पुकारतात.