कूलंटचा रंग आणि गुण

टोयोटाची प्रियस १९९७च्या डिसेंबरात जपानमध्ये विक्रीला आली. त्या पहिल्या गाड्यांनी आता पाव शतक ओलांडलं. अशा म्हाताऱ्या हायब्रिडमध्ये कूलंट कोणतं घालावं? मेकॅनिक बहुधा रंग पाहतो. लाल होतं ना, मग लालच आणा! पण रंग मागाहून घातलेला, कंपनीगणिक बदलतो. आम्ही कवी मंडळीही रंगाला भुलतो म्हणा.

पूर्वी थंड देशांतले मोटारवाले रेडिएटरच्या पाण्यात अल्कोहोल घालत. ते उडून जाई. १९२०च्या दशकात इथिलिन ग्लायकॉल आलं. गंमत अशी, की निव्वळ ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपास गोठतं. निम्मं पाणी मिसळलं, की उणे ३७ पर्यंत तग धरतं.

खरा मतभेद गंज रोखणाऱ्या द्रव्यांवरून झाला. युरोपातलं पाणी जड, त्यात फॉस्फेटचा साका धरतो. म्हणून तिथल्या कारखानदारांनी फॉस्फेट टाळलं. जपान्यांना सिलिकेट नको होतं, कारण पंपाचं सील झिजतं. त्यांनी फॉस्फेट ठेवलं. टोयोटाचं जुनं लाल आणि नंतरचं गुलाबी, दोन्ही बिनसिलिकेटची. तेव्हा बाटलीवर रंगाऐवजी हेच शोधावं. गुलाबीत पाणी आधीच मिसळलेलं असतं, वर आणखी ओतू नये.

प्रियसमध्ये इन्व्हर्टरच्या कूलंटची टाकी वेगळी असते. ती हमखास विसरली जाते. २००३ ते २००९ मधल्या दुसऱ्या पिढीच्या अमेरिकी गाड्यांत तर चक्क थर्मास आहे. सुमारे तीन लिटर गरम कूलंट तो तीन दिवसांपर्यंत राखतो. तो रिकामा केला नाही, तर जुनं कूलंट नव्यात मिसळतं.