वाट्याला आलेले वाद्य आणि विकत घेतलेले वाद्य

भिवंडीच्या यंत्रमागांच्या वस्तीतला एखादा मुलगा आज शिष्यवृत्तीवर किंवा नोकरीवर परदेशी जातो. दोन पैसे हाती राहू लागले की तो स्पेनच्या बनावटीची फ्लामेंको गिटार विकत घेतो. गावाकडे ही बातमी पोचते तेव्हा दोन प्रकारची माणसे दोन प्रकारे नाके मुरडतात. चळवळीतला जुना कार्यकर्ता म्हणतो, 'बाबासाहेबांनी परदेशात पुस्तके घेतली, आणि हा वाजवायला निघाला.' लोककलेचा सवर्ण अभ्यासक म्हणतो, 'हलगीसारखे अस्सल वाद्य घरात असताना यांना गिटार कशाला?' दोघांच्या बोलण्यामागे एकच गृहीत आहे. दलिताने काय वाजवावे हे त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणी तरी ठरवायचे असते. हे गृहीत कोठून आले, हे इतिहासात जाऊन पाहिले पाहिजे.

आपल्या समाजरचनेत वाद्य हे कधीच केवळ वाद्य नव्हते. ते जातीचे काम होते. बलुतेदारीत मांगाच्या वाट्याला दोर वळणे, केरसुण्या करणे आणि लग्नामिरवणुकीत हलगी वाजवणे आले. गावाच्या प्रत्येक मंगलकार्यात त्याची हलगी हवी; पण तो स्वतः मांडवाबाहेर. नाद आत जाणार आणि वाजवणारा बाहेर राहणार, अशी ही अजब शुद्धाशुद्धता! आवाजाला विटाळ नाही, हाताला मात्र आहे. त्याला वाजवायची लहर आहे का, हे कोणी विचारले नाही. वाजवणे हे त्याचे कर्तव्य, आणि मोबदला म्हणून सुगीत चार पायल्या, सणाला शिळेपाके.

वाद्य बनवणाऱ्यांची कथाही वेगळी नाही. तबल्याच्या पुडीपासून ढोलकीच्या पानापर्यंत सारे कातड्यावर चालते. आणि ते कातडे कमावणारा ढोर, चांभार बैठकीत कोठेच दिसत नाही. दक्षिणेतील मृदंगाची अशीच हकीगत टी. एम. कृष्णा यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात मांडली आहे. देवळात ज्याच्या नादावर ब्राह्मण गायक गातो तो मृदंग घडवणाऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या दलित ख्रिस्ती कारागीर आहेत. आपल्या मिरजेचे सतार-तंबोरे जगभर गेले. ते करणारे मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे मुसलमान कारागीर. राजे-सरदारांची हत्यारे गेली तेव्हा एकोणिसाव्या शतकात त्यांनी हा धंदा उचलला. गवयाचे घराणे सांगितले जाते. तंबोऱ्याचे घराणे कोणी विचारीत नाही.

ही जन्मजात कामे कायद्यानेही बांधलेली होती. १८७४ च्या वतन कायद्याने वंशपरंपरेची गावकी पक्की केली. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात त्या कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले. पण कनिष्ठ गाववतने रद्द होण्यास १९५८ चा कायदा यावा लागला. तोपर्यंत चळवळीने माणसांच्या मनातून गावकी काढायला घेतली होती. १९२७ च्या महाडनंतर मेलेली ढोरे ओढण्याचे काम ठिकठिकाणी टाकले गेले, आणि १९५६ च्या धर्मांतरानंतर देवादिकांशी जोडलेली वाद्येही अनेक घरांतून बाहेर पडली. हा नकार योग्यच होता. गुलामीच्या खुणा गळ्यात अडकवून स्वातंत्र्य मिळवता येत नाही.

पण आपण स्वतःशीही प्रामाणिक असले पाहिजे. ज्यांनी हलगी टाकली, त्यांच्यातल्या काहींनी हलगी वाजवणाऱ्यालाच हलका मानले. बँडच्या ताफ्यावर ज्याचे पोट होते त्या मातंग भावाला आपण नवा धंदा दिला नाही. उपदेश मात्र भरपूर दिला. टाकायची होती ती सक्ती. तिच्याबरोबर माणूस टाकला गेला असेल, तर तो आपल्यात उरलेल्या ब्राह्मण्याचाच अंश समजावा लागेल.

जुने टाकल्यावर समाज मुका झाला नाही. सत्यशोधक जलशांची वाट होतीच. त्या वाटेने भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे गावोगाव निघाले. तमाशाचा ओळखीचा साचा घेऊन त्यात शिक्षणाचा, गावकी सोडण्याचा, सभेला येण्याचा विचार भरला गेला. या जलशांत आणि पुढच्या भीमगीतांत एक वाद्य मानाने बसले, ते म्हणजे पेटी. ही हार्मोनियम कोणाच्याही बलुत्यातली नव्हती. तिचा जन्म पॅरिसचा. १८४० च्या सुमारास देबेन याने ती सिद्ध केली, आणि पुढे कलकत्त्यात मांडी घालून वाजवता येईल असे तिचे रूप झाले. शास्त्रीय संगीताच्या कैवाऱ्यांना ती परकी वाटली. १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. ज्यांना परंपरा होती त्यांना पेटीत परकेपणा दिसला. ज्यांच्या परंपरेने त्यांना मांडवाबाहेर ठेवले होते, त्यांना तिच्यात मोकळीक दिसली. तिच्यावर कोणाच्या जातीची मुद्रा नव्हती. मजुरीतून वर्गणी काढून ती घेता येत होती. मोठेपणी अक्षरओळख झालेले वामनदादा कर्डक गावोगाव गात हिंडले, ते याच नव्या मैफलीच्या बळावर. उलट अण्णाभाऊ साठ्यांनी १९४४ साली अमर शेख आणि गव्हाणकर यांच्यासह लालबावटा कलापथक काढले, तेव्हा डफ आणि तुणतुणे कामगाराच्या बाजूने बोलू लागले. म्हणजे जुने वाद्यही मुक्त होऊ शकते. ते कोणाच्या हुकमाने वाजते, एवढाच प्रश्न.

आता पुस्तकांचा आक्षेप घेऊ. १९१३ साली बडोद्याची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले. त्यातून घरी पैसे पाठवायचे आणि पोटाला चिमटा घेऊन जुनी पुस्तके घ्यायची. सुमारे दोन हजार ग्रंथ त्यांनी तेथे जमवले. १९१७ साली परतताना सामानाचे जहाज जर्मन पाणबुडीने बुडवले आणि त्यांतले बरेच ग्रंथ समुद्राच्या तळाशी गेले. तो काळ पहिल्या माणसाचा होता. एका पिढीचे शिक्षण एका माणसाच्या खांद्यावर असताना त्याला चैन परवडणार नव्हती. पण याच बाबासाहेबांनी उत्तरायुष्यात व्हायोलिन शिकायला घेतले, हे आपण का विसरतो? घटना लिहिणाऱ्या हातांना तारांवर गज धरावासा वाटला. भाकरी आणि पुस्तक मिळाल्यानंतर माणसाला सूरही हवा असतो. त्याची ती भूक मान्य करणे हासुद्धा माणुसकीच्या लढ्याचाच भाग आहे.

आणि ज्या गिटारीवरून हा वाद निघाला, तिच्या कुळाची चौकशी केली तर काय निघते? फ्लामेंको हे स्पेनच्या अंदालुसिया प्रांतातले गाणे-नाचणे. ते घडवण्यात तेथल्या हितानो, म्हणजे जिप्सी लोकांचा मोठा वाटा आहे. हे लोक हिंदुस्थानातून गेले, हे अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या भाषेवरून सिद्ध झाले. नाकाला नाक आणि कानाला कान म्हणणारी ती भाषा. पाणी तिच्यात 'पानी' आहे, आणि काळ्याला ती 'कालो' म्हणते. त्यांचे 'रोम' हे नाव आपल्याकडच्या 'डोम' या शब्दाशी जुळते, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. पंधराव्या शतकात ते स्पेनमध्ये पोचले. १४९९ साली राजाज्ञा निघाली : साठ दिवसांत स्थिर धंदा आणि धनी शोधा, नाही तर देश सोडा. १७४९ च्या जुलैत एका रात्रीपासून देशभर धरपकड करून सुमारे नऊ हजार हितानो पकडले गेले. पुरुषांना सक्तमजुरीला धाडले, बायकामुलांना वेगळे कोंडले. लोहारकी हा त्यांच्यातला एक मोठा धंदा. त्यांच्या गाण्याच्या एका प्रकाराला गिटारही लागत नाही. ऐरणीवरचा हातोडा हाच ताल.

गिटारही गरिबीतून घडली. आधुनिक गिटारीला आकार देणारा आन्तोनियो दे तोरेस हा अंदालुसियाचाच सुतार. समुद्रापलीकडून येणारे शिसवासारखे लाकूड महाग, म्हणून स्वस्त गिटारी गावच्या सुरूच्या जातीच्या सायप्रस लाकडाच्या होत. त्या हलक्या, त्यांचा आवाज कोरडा, टणत्कारी, पटकन विरणारा. नाचणाऱ्याच्या पायांच्या आवाजावर चढायला तोच उपयोगी पडला. वाजवणारा तारा छेडता छेडता बोटाने लाकडावर थाप देतो. लाकूड झिजू नये म्हणून तेथे पातळ पत्रा चिकटवतात. दारिद्र्यातून आलेला गुण पुढे शैली झाला. आज त्या गिटारी स्वस्त राहिलेल्या नाहीत. ब्राझीलच्या शिसवाच्या व्यापारावर १९९२ साली बंदी आल्यावर आपल्या सह्याद्रीतल्या शिसवाला गिटारींसाठी मागणी वाढली. लाकूड परदेशी गेले त्याला कोणी अडवले नाही. त्याच लाकडाचे वाद्य दलिताचा मुलगा घेऊ लागला की मात्र संस्कृती आठवते!

हितानोंच्या इतिहासात आपल्याला एक इशाराही आहे. २०१० साली युनेस्कोने फ्लामेंकोला मानवजातीचा वारसा ठरवले. पण गाण्याला मिळालेला मान गाणाऱ्याला आपोआप मिळत नाही. शाळेत, नोकरीत, घर भाड्याने घेताना हितानोंना आजही भेदभाव भोगावा लागतो. आपल्याकडेही हलगी महोत्सवाच्या मंचावर येऊ लागली आहे. टाळ्या पडतात. वाजवणाऱ्याच्या मुलाची फी कोण भरतो, हे विचारायचे राहून जाते. १९९७ साली रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली आणि त्यानंतर चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःला संपवले. ज्याच्या गाण्याला आपण दाद दिली, त्या माणसाचे दुःख आपल्याला पेलता आले नाही. लोककलेच्या गौरवाने ही जबाबदारी फिटत नाही.

भिवंडीला हे वेगळे सांगावे लागू नये. १९८२ चा गिरणी संप मोडल्यावर मुंबईचे कापड या गावच्या मागांवर आले आणि त्याबरोबर बारा बारा तासांची पाळीही आली. येथे तेलंगणातला पद्मशाली, उत्तरेकडचा मोमीन आणि मराठवाड्यातला बौद्ध एकाच खडखडाटात जगतो. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत या गावाने आपली माणसे जळताना पाहिली. अशा गावातल्या मुलाला मागाच्या आवाजापलीकडचा एखादा सूर हवासा वाटला, तर त्यात चूक काय? २०१८ साली मद्रासेत 'कास्टलेस कलेक्टिव्ह' या तरुणांनी परै आणि गिटार एकाच मंचावर आणली. टाकलेले वाद्य परत घेता येते आणि परके वाद्य आपले करता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

तेव्हा आपल्या मुलाने कोणते वाद्य घ्यावे, यावर ठराव करत बसण्याचे कारण नाही. त्याला आपण दोनच गोष्टी विचाराव्यात : हे तू तुझ्या मर्जीने घेतलेस का, आणि मांडवाबाहेर अजून उभा असलेला हलगीवाला तुला दिसतो का? दोन्हींचे उत्तर 'होय' असेल, तर त्याने खुशाल वाजवावे.