साध्या मजकुराचे बळ
नेदरलँड्समधील खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डॉमिनिक यांनी २००३ मध्ये ईमॅक्स या मजकूर-संपादक प्रणालीसाठी ऑर्ग मोड लिहिला. कामे, तारखा आणि टिपणे एकाच साध्या फाइलीत ठेवायची आणि तिच्यातूनच एचटीएमएल किंवा लाटेक दस्तऐवज काढायचा, ही त्याची रीत. मजकूर आणि यंत्रणा वेगळी ठेवण्याचा फायदा २०१३ मध्ये दिसला. निकोला गोआझियू यांनी निर्यातीची यंत्रणा नव्याने रचली. पूर्वी निर्यातीचा प्रत्येक प्रकार फाइल आपापल्या परीने वाचत असे. आता आधी फाइलीच्या रचनेचा एकच वृक्ष तयार होऊ लागला आणि सगळे प्रकार त्यावरून चालू लागले. हा बदल आणणाऱ्या ऑर्ग मोडच्या आठव्या आवृत्तीत अनेक सेटिंगांची नावे बदलली आणि लोकांनी जमवलेली घडी विस्कटली. मजकूर मात्र पूर्वीसारखाच वाचता येत होता.

सेटिंगांच्या जुळवाजुळवीतच वेळ जातो, हा ऑर्ग मोडवरचा आक्षेप खोटा नाही. ईमॅक्सबाहेर या पद्धतीला पूर्ण आधार मिळत नाही, हेही खरे. पण सगळे काही बदलता येण्याच्या या खुलेपणातच बिघाड शोधण्याची सोयही आहे. वैयक्तिक सेटिंगे वगळून ईमॅक्स सुरू केला, की दोष आपल्या सेटिंगांचा की साधनाचा, हे बहुधा कळते. बंदिस्त साधनात ही तपासणी सहसा आपल्या हाती नसते. म्हणून सेटिंगांची सजावट बेताची ठेवावी आणि मजकूर साधा.