सेवेच्या दोन शिड्या

समाजकार्याचे रीतसर शिक्षण आपल्याकडे १९३६ साली मुंबईत, नागपाड्यात, सर दोराबजी टाटांच्या नावाच्या संस्थेत सुरू झाले. ते पदवीधरांसाठी होते. म्हणजे कोणासाठी, हे सांगायला नको. १९४८ च्या कारखाने कायद्याने कल्याण अधिकाऱ्याचे पद आणले, तेव्हा या शिक्षितांना पगारी वाट मिळाली. मांगवाड्यातली सुईण मात्र चोळी-खणावरच राहिली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना आली. मदतनीस, सेविका, मुख्यसेविका अशी दुसरी शिडी उभी राहिली. सेविकेला प्रशिक्षण मिळाले, नोंदवह्या मिळाल्या. पगार नाही, ‘मानधन’. (यात मान कोणता?) मुख्यसेविका पगारी, पण तिथे पदवी हवी. सेविकेचे पद शासकीय नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ठरवले. ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य व्हायला २०२२ उजाडले. तोवर पहिल्या फळीतल्या सेविका घरी बसल्या होत्या.