‘तू खंयच्या वाडीतलो?’

मालवण-वेंगुर्ल्याकडे गावात नवखा माणूस दिसला की कोणीतरी विचारतोच, ‘तू खंयच्या वाडीतलो?’ दिसायला प्रश्न पत्त्याचा, पण विचारला जातो तो जातीसाठी. गाबीतवाडी, कुंभारवाडी, बौद्धवाडी, यांपैकी काहीही ऐकले की पुढे आडनाव विचारावे लागत नाही. शब्दाचा कोशातला अर्थ एक आणि समाजातला वापर दुसरा, हे आम्ही एम.ए.ला असताना शिकलो. वाडीतल्या म्हाताऱ्यांना ते आधीच माहीत होते.

‘महारवाडी’ हे नाव आमच्या आजे-पणजांनी घेतलेले नव्हते, गावाने दिलेले होते. पुढे गांधीजींनी ‘हरिजन’ शब्द रूढ केला. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत लोकल बोर्डांच्या कायद्यात अस्पृश्यांसाठी हाच शब्द घालायचे ठरले, तेव्हा बाबासाहेबांनी विरोध केला आणि स्वतंत्र मजूर पक्षाने सभात्याग केला. एका शब्दावरून एवढे कशाला, असे म्हणणारे आजही भेटतात. अहो, शब्द गोड की कडू हा वाद नव्हताच! ज्याला नाव द्यायचे त्याला विचारणार की नाही, हा होता. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर मात्र आम्ही आमचे नाव स्वतः घेतले. ‘बौद्धवाडी’ हे त्याच नकाराचे पुढचे पाऊल.

मग हाही शब्द जातीची खूण कसा झाला? १९५८ साली जॉन गंपर्झ या अभ्यासकाने उत्तर प्रदेशातल्या खालापूर गावातल्या बोलीवर लेख लिहिला. तिथे सवर्ण आणि अस्पृश्य कामानिमित्त रोज एकमेकांशी बोलत, तरी दोघांच्या बोलीतला फरक टिकून होता. कामापुरते बोलणे वेगळे, बरोबरीने बसून मारलेल्या गप्पा वेगळ्या. अशी बैठक नसेल तर पाटीवर कोणताही शब्द लिहा, ऐकणारा त्यात जुनाच अर्थ भरतो. जातिनिर्मूलनावरच्या १९३६ च्या, करू न दिलेल्या भाषणात बाबासाहेब सहभोजनाशी न थांबता आंतरजातीय विवाहापर्यंत गेले, ते उगाच नाही.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा ही नावे गेलीच पाहिजेत, त्याचे आम्ही स्वागत करतो. पण त्याच यादीत ‘बौद्धवाडा’ही बसवला गेला. लादलेले नाव आणि लढून घेतलेले नाव एकाच रांगेत कसे?

आमच्या वाडीतही यावर एकमत नाही. नोकरीसाठी अर्ज भरणाऱ्या पोरांना पत्त्यातून जात कळायला नको आहे, आणि त्यांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांच्या आईबापांनी दीक्षा घेतली, त्या म्हाताऱ्यांना पाटी काढायची नाही. तेव्हा ग्रामसभेत ठराव येण्याआधी वाडीची वेगळी बैठक लावा आणि तिथे जे ठरेल तेच ग्रामसभेने मान्य करावे. गावाच्या बहुमताने आमचे नाव पुन्हा एकदा ठरायला नको.