परमुलखात पाठीशी कोण?

माण, खटाव, खानापूर, आटपाडी, तासगाव इकडच्या कुठल्याही गावात विचारा, पुष्कळ घरांतलं कुणी ना कुणी गलाईच्या धंद्यासाठी बाहेर असतं. कुणी तामिळनाडूत, कुणी पंजाबात, कुणी बिहारात. आज बोलायचंय ते याच्याबद्दल की भाषा येत नाही, ओळख नाही, अशा गावात ही माणसं टिकली कशी.

आधी गेली का, ते तुम्हाला सांगायला नको. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माणला कसाबसा पाचशे. खानापूर-तासगावही १९४९ पर्यंत साताऱ्यातच होते. मग दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. नाव बदललं, पाऊस काही वाढला नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या बायका अजून आपल्यात आहेत.

गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणं. मोडीचे दागिने, सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा, मुशीत घालून वितळवायचा. तेजाबात टाकलं की चांदी-तांबं विरघळतं, सोनं तळाशी राहतं. त्याचा तांबूस धूर छातीला वाईट. पुष्कळांची भट्टी आणि अंथरूण एकाच खोलीत असायचं, हे गावाकडं आलेल्या पैशाच्या गोष्टीत कुणी सांगत नाही.

नवा पोरगा एकटा जात नसे. आधी गेलेला चुलता नाहीतर मामा त्याला बोलावून घ्यायचा. खोली त्याची, जेवण त्याच्याकडं, आणि सगळ्यात मोलाची म्हणजे त्याची माहिती. कुठल्या सराफाचा शब्द खरा, कुणाचा माल हातात धरायचा नाही, बाजारात काय कसं मागायचं. हे चुकलं तर गंमत नव्हती. चोरीचा माल घेतल्याचा गुन्हा, जुन्या दंडसंहितेचं कलम ४११, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद. वितळलेल्या सोन्यावर मालकाचं नाव कुठं असतं? परक्या गावात पोलीस दारात आले की आपल्या भाषेतलं, चार माणसांत वजन असलेलं कुणीतरी लागायचं. १९६३ साली सुवर्ण नियंत्रण आलं, चौदा कॅरटच्या वरचे दागिने घडवायला बंदी झाली, तेव्हा तर नियम समजून सांगणारा माणूस भाकरीइतका गरजेचा झाला. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत होता. या गरजेतूनच गावोगावी गलाईवाल्यांची मंडळं उभी राहिली.

मात्र ज्याचा चुलता-मामा तिकडं नव्हता, त्याला ही वाट सहजी खुली नव्हती. नात्यागोत्याचा आधार नातं असलेल्यांनाच मिळतो. भूमिहीन घरातली कितीतरी माणसं तेव्हा उसाच्या फडावर नाहीतर मुंबईला गेली ती त्यामुळंही, असं मला वाटतं.

आता बायकांचं. मागं राहिलेलीला खबर मिळायची पोस्टकार्डावर. १९५१ च्या जनगणनेत देशात शंभरात जेमतेम नऊ बायका साक्षर होत्या. म्हणजे नवऱ्याचं कार्ड गुरुजी वाचणार, उत्तरही तेच लिहिणार. त्यात सासूचं नाव, मनातलं दुखणं कसं घालायचं? 'इकडील सर्व क्षेम' एवढंच जायचं. जी बाई नवऱ्यामागं गेली तिची तऱ्हा वेगळी. तिला धंद्यातली माहिती देणारे दहा पुरुष होते. पण तापलेलं लेकरू कुठल्या डॉक्टरकडं न्यायचं, बाळंतपणाला कुणाला हाक मारायची, ज्वारी कुठं मिळते, हे दुसऱ्या मराठी बाईकडूनच कळायचं. ती दोन गल्ल्या पलीकडं असेल तर नशीब. मग तमिळ नाहीतर हिंदी शेजारणीकडून शब्द शब्द उचलायचा. नव्यानं आलेल्या सुनेला हाताशी धरणाऱ्या या बायकांची नावं कुठल्या मंडळाच्या अहवालात शोधायची?

कुणाच्या ट्रंकेत अशी जुनी कार्डं असतील तर चुलीत घालू नका. पुढच्या बैठकीला घेऊन या. आता वाचणाऱ्या आपल्याच गटात आहेत. शिक्क्यावरचं गाव आणि साल आधी वहीत उतरवून घेऊ, शाई पुसट होत चालली आहे.