पन्हळाचे पाणी

शेवटी आढ्याचे पाणी वळचणीलाच यायचे, असे मराठीत म्हणतात. परंतु वळचणीला आलेले ते पाणी पुढे कोठे जाते, याची विचारपूस म्हण करीत नाही. कोकणात ते पोफळीच्या चिरफाळीतून किंवा पत्र्याच्या पन्हळातून परसात उतरते आणि माडांच्या आळ्यांत जिरते. देशावरच्या धाब्याच्या घरांना भिंतीबाहेर काढलेले पन्हळ असते व ते गल्लीत आपली धार सोडून मोकळे होते. मद्रास शहराला मात्र हा प्रश्न इतका भिडला, की अखेर कायदा करून त्याचे उत्तर द्यावे लागले.

या शहराच्या पावसाचे पंचांगच निराळे आहे. महाराष्ट्रात वैशाख सरता सरता घरे शाकारतात, कौले चाळतात आणि मृगाची वाट पाहतात. मद्रासला वर्षाकाठी सुमारे १४०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण त्यातला अर्ध्याहून अधिक ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत, ईशान्येकडून येतो. तमिळ पंचांगातला ऐप्पसि महिना म्हणजे झडीचा महिना, आणि दिवाळीही त्यातच. फटाके भिजण्याची चिंता पुण्याच्या माणसाला क्वचितच असते. मद्रासकराला ती दरसाल असते. म्हणून येथे पन्हळ साफ करण्याचा हंगाम वैशाख नव्हे, तर नवरात्राच्या आसपासचा.

शहराच्या दक्षिणेला, अड्यार नदीच्या काठी गिंडी आहे. १८२१ साली सर थॉमस मन्रो गव्हर्नर असताना येथील बंगला सरकारने विकत घेतला. पुढे राजभवन झाले ते हेच. भोवतालच्या रानाचा काही भाग पुढे राष्ट्रीय उद्यान झाला, काही भाग १९५९ साली स्थापन झालेल्या तंत्रविज्ञान संस्थेला मिळाला. त्याआधीच, १९२० साली, चेपॉक येथील अभियांत्रिकी महाविद्यालय गिंडीस आले होते. त्याचे मूळ १७९४ साली मायकेल टॉपिंगने काढलेल्या भूमापन शाळेत आहे. म्हणजे जमीन मोजण्याची, पाण्याचे उतार ओळखण्याची विद्या या शहरात सव्वादोन शतके शिकविली जात आहे. उतार ओळखणाऱ्यांच्या शेजारीच पाणी तुंबावे आणि पाणी आटावेही, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

जुन्या मद्रासी गच्चीची रचना मोठी विचारपूर्वक केलेली असे. सागाच्या तुळ्यांवर आडव्या कड्या, त्यांवर चुन्यात उभ्या बसविलेल्या विटा, वर विटांच्या खडीचा व चुन्याचा थर. हा थर कामकरी स्त्रिया लाकडी थापीने कित्येक दिवस चोपीत. चुन्यात हिरड्याचा काढा आणि गूळ मिसळीत. सर्वांत वर चपट्या विटांचे थर, आणि या सगळ्याला पन्हळाकडे झुकणारा हलका उतार. गच्ची गळते ती बहुधा मधोमध नव्हे. पन्हळ जेथे कठड्यात शिरते त्या सांध्याशी. तेथे पाने कुजतात, कुजलेल्या पानांत माती धरते, मातीत पिंपळाचे बी रुजते आणि मुळे चुन्यात शिरतात. पिंपळ फुटलेला कठडा गावोगाव दिसतो. त्याचा आरंभ एका न काढलेल्या पानापासून झालेला असतो.

चौकाच्या घरांत उतरती कौले आतल्या अंगणाकडे वळलेली असत व पन्हळाखाली पितळी भांडी ठेवून पावसाचे पाणी धरले जाई. १८७२ साली रेड हिल्सच्या तलावाचे पाणी नळाने शहरात येऊ लागले, आणि हळूहळू भांडी उचलली गेली. पन्हळ आता पाणी आणून देणारे न राहता पाणी घालवून टाकणारे साधन झाले. हा बदल अगदी मुकाट्याने झाला.

त्याची किंमत पुढे कळली. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी पाऊस लागोपाठ कमी झाला, विहिरी आटल्या, किनाऱ्याकडचे पाणी मचूळ झाले. तेव्हा जुलै २००३ मध्ये तमिळनाडू सरकारने वटहुकूम काढून प्रत्येक इमारतीला, नव्या आणि जुन्याही, छपराचे पाणी जमिनीत मुरविण्याची सोय करणे सक्तीचे केले. मालकाने ती न केल्यास नगरसंस्थेने करावी व खर्च वसूल करावा, अशी तरतूद होती. हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर मद्रासच्या सरासरी वर्षात १,४०,००० लिटर पडते. उडून, सांडून, पहिल्या धुवणात गेलेले वजा केले तरी लाखभर लिटर उरतेच.

पुढची दोन-तीन वर्षे चांगला पाऊस झाला व विहिरींचे पाणी वर आले. यात पन्हळाचे श्रेय किती आणि आभाळाचे किती, हे वेगळे काढणे अवघड. पण नळी गटारात न सोडता खड्ड्यात सोडली, तर विहिरीला काहीतरी मिळते यात शंका नाही. मात्र जमीनही सर्वत्र सारखी नाही. बेझंट नगरकडची वाळू पाणी भराभर पिते. गिंडीलगतच्या सेंट थॉमस माउंटचा खडक मात्र इतका कठीण, की भूशास्त्रज्ञ टी. एच. हॉलंडने त्याला चार्नोकाइट असे निराळे नाव दिले, तेही कलकत्त्यात याच दगडाच्या शिळेखाली चिरनिद्रा घेणाऱ्या जॉब चार्नोकवरून. अशा खडकात पाणी केवळ भेगांतून आणि वरच्या झिजलेल्या थरातून उतरते. तेथे खड्ड्यात गाळ साचू देणे म्हणजे भेगेवर बूच मारणे होय.

आणि तेच घडले. नळी बसवून घेतली, तपासणी झाली, पुढे अनेक घरी कोणी जाळी काढून धुतली नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये शहरात १,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, आणि डिसेंबरच्या आरंभी अड्यार पात्राबाहेर येऊन घराघरांत शिरली. एवढे पाणी घरगुती खड्ड्यांनी पेलले असते असे कोणी म्हणू नये. पण चारच वर्षांत, जून २०१९ मध्ये, शहराचे चारही मोठे तलाव जवळजवळ कोरडे पडले, आणि जुलैत जोलारपेट्टैहून आगगाडीने पाणी आणावे लागले. लातूरकरांना हे दृश्य परके वाटले नसेल. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून जलदूत गाडी त्यांच्याकडे अशीच आली होती.

गिंडीच्या परिसरात वड, चिंच, कडुनिंब भरपूर. त्यांची पाने वर्षभर गच्च्यांवर पडतात. नवरात्रात बोम्मैकोलूच्या पायऱ्या मांडल्या जातात त्याच सुमारास शिडी लावून कोणीतरी वर चढते, पन्हळाच्या तोंडची जाळी उपसते, खड्ड्यातला गाळ टोपलीने बाहेर काढते. पहिल्या सरीचे गढूळ पाणी बाहेर जाऊ देऊन झडप फिरवायची, आणि मगच ते विहिरीकडे सोडायचे, एवढेच त्या घरातले काम असते. ऐप्पसि लागायला तेव्हा फार दिवस उरलेले नसतात.